चित्रातील एकाकी माणूस



नॉर्वेची राजधानी ऑस्लो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या शहराचे नाव ख्रिस्तियानिया असे होते. १८८६ च्या शरद ऋतूत तेथील वार्षिक कलाप्रदर्शनात बावीस वर्षांच्या एका चित्रकाराचे चित्र लागले. प्रदर्शनात त्याला नुसते ‘अभ्यास’ एवढेच नाव दिलेले होते. पुढे ते ‘आजारी मूल’ ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. चित्रात तांबूस केसांची एक मुलगी मोठ्या पांढऱ्या उशीला टेकून बसलेली आहे. शेजारी एक स्त्री आहे. तिने मान इतकी खाली घातली आहे की तिचा चेहरा दिसतच नाही. दोघींचे हात एकमेकींच्या हातांत आहेत, पण कोणती बोटे कोणाची हे सांगता येत नाही. मुलगी त्या स्त्रीकडे पाहत नाही. तिची नजर तिच्यापलीकडे, अंधाऱ्या पडद्याकडे लागलेली आहे. चित्राच्या पृष्ठभागावर ओरखडे आहेत, खरवडल्याच्या खुणा आहेत, रंगांचे ओघळ आहेत. प्रदर्शनाला आलेली मंडळी ह्या चित्रासमोर उभी राहून हसली. चित्र अपुरे आहे, ओबडधोबड आहे, असा समीक्षकांचा एकंदर सूर होता.

हा चित्रकार म्हणजे एडव्हार्ट मुंक. ज्यांना ते चित्र हास्यास्पद वाटले, त्यांच्या मते ते घाईघाईने फराटे ओढून टाकलेले चित्र होते. गमतीची गोष्ट अशी की, पुढच्या काळात ज्यांनी मुंकला डोक्यावर घेतले, त्यांचीही समजूत फारशी निराळी नव्हती. भावनेचा लोंढा आला आणि कलावंताने तो तसाच फलकावर ओतला, असे तेही मानत राहिले. निंदक त्याला घाई म्हणत होते आणि स्तुतिपाठक उत्स्फूर्तता म्हणत होते, एवढाच काय तो फरक. वस्तुस्थिती ह्या दोहोंहून वेगळी आहे. मुंक ह्या एका चित्रावर जवळजवळ वर्षभर काम करीत होता. तो रंगवी, खरवडून काढी, पुन्हा रंगवी. अनुभव आला त्या क्षणीची कंप पावणारी प्रतिमा हाती लागावी म्हणून त्याने ते चित्र पुनःपुन्हा पुसले आणि पुनःपुन्हा उभे केले. म्हणजे ज्याला आपण अनावर भावना म्हणतो, ती ह्या चित्रात अनावरपणे आलेली नाही. ती कष्टाने, अनेक थरांखालून वर काढलेली आहे.

अभिव्यक्तिवादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मानवाकृतिचित्रांकडे पाहताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुष्कळसे गैरसमज आपोआप गळून पडतात. ह्या चित्रांतील वेदना उघडीवाघडी आहे हे खरे. परंतु तो उघडेपणा म्हणजे एका क्षणाचा उद्रेक नव्हे, वर्षानुवर्षांच्या कामाचे ते फळ आहे. आणि ते काम इतके लांबते ह्याचे कारण असे की, ह्यांतील कितीतरी चित्रे दुसऱ्याचे दुःख पाहणाऱ्याने, पण त्या वेळी काहीही करू न शकलेल्याने काढलेली आहेत. त्यामुळे ह्या चित्रांत एकाकी माणसे दोन असतात: एक चौकटीत दिसते ते, आणि दुसरे चौकटीबाहेर उभे राहून ते पाहणारे.

मुंकचा जन्म १८६३ चा. तो पाच वर्षांचा असताना, १८६८ मध्ये, त्याची आई क्षयाने गेली. त्याच्याहून एका वर्षाने मोठी असलेली बहीण सोफी हिलाही त्याच रोगाने गाठले आणि १८७७ मध्ये, पंधराव्या वर्षी, ती मरण पावली. मुंकला तेव्हा चौदा वर्षेही पुरी झाली नव्हती. त्याचे वडील सैन्यातील डॉक्टर होते. पण त्या काळी क्षयावर औषध नव्हते. घरात वैद्य असूनही घरातील मूल वाचू शकले नाही. ‘आजारी मूल’ ह्या चित्रासाठी दुसरीच एक मुलगी समोर बसली होती आणि खाली वाकलेल्या स्त्रीसाठी मुंकची मावशी बसली होती, हे ज्ञात आहे. तरी चित्रातील खोली ती जुनीच खोली आहे. तेथे एक मुलगा उभा होता. तो चित्रात कोठेही नाही. ज्या जागेवरून हे सारे दिसते ती जागा मात्र त्याचीच आहे.

ह्याच विषयावरचे दुसरे एक चित्र शेजारी ठेवून पाहावे. मुंकला ज्यांनी उत्तेजन दिले त्या ख्रिस्तियान क्रोग ह्या वास्तववादी चित्रकाराने १८८१ मध्ये ‘आजारी मुलगी’ हे चित्र पूर्ण केले होते. त्यातील मुलगी पांढऱ्या उशीला टेकून समोर बसलेली आहे आणि सरळ आपल्याकडे पाहत आहे. तिच्या हातात सुकत चाललेला गुलाब आहे. कपड्याची प्रत्येक चुणी, डोळ्यांतील ओल, सारे काही नेमके आहे. चित्र थोर आहे, ह्यात शंका नाही. पण क्रोगच्या चित्रात आजार दिसतो. मुंकच्या चित्रात आजार पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आलेले पाणी दिसते. त्या पाण्यातून पाहिले की कडा विरघळतात, बोटे ओळखू येत नाहीत, औषधाची बाटली आणि पेला कोपऱ्यात सरकतात आणि उशीचा पांढरा रंग मात्र डोळ्यांत घुसतो. आकृती बिघडली ती हात कच्चा होता म्हणून नव्हे. जे अचूक होते ते खरे नव्हते, म्हणून ती बिघडवावी लागली.

आणि एवढ्याने मुंकचे समाधान झाले नाही. ह्या विषयावर त्याने एकूण सहा तैलचित्रे केली. शेवटचे १९२७ मध्ये. शिवाय धातूच्या पत्र्यावरून आणि शिळेवरून काढलेले ठसे वेगळेच. सोफीच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी साठी ओलांडलेला भाऊ पुन्हा त्याच उशीपाशी येऊन उभा राहतो, ह्याला उद्रेक म्हणता येत नाही. त्याला फार तर निष्ठा म्हणता येईल.

अभिव्यक्तिवाद ही संज्ञा जर्मनीत रूढ झाली ती १९११ च्या सुमारास. निसर्गातील प्रकाशाचा क्षणिक प्रत्यय टिपणाऱ्या दृक्प्रत्ययवादाच्या विरोधात ती उभी राहिली. डोळ्यांना काय दिसले ह्यापेक्षा अंतःकरणाला काय जाणवले ते प्रमाण मानावे आणि त्यासाठी रंग, रेषा, आकार ह्यांची मोडतोड करावी लागली तर खुशाल करावी, असा ह्या चळवळीचा थोडक्यात आशय सांगता येईल. मुंक ह्या चळवळीच्या अगोदरचा. तथापि ती ज्या पायवाटेने गेली ती त्याने पाडलेली होती. १८९२ मध्ये बर्लिनमधील कलावंतांच्या संघाने त्याचे प्रदर्शन आठवडाभरातच बंद केले. त्या गदारोळाने त्याचे नाव जर्मनीभर झाले.

एकाकीपण चित्रात दाखवावयाचे कसे, हा ह्या सर्वांपुढील कसोटीचा प्रश्न होता. रिकाम्या मैदानात एकच माणूस उभा करावा, हे उत्तर सोपे आहे. पण तो माणूस एकटा दिसतो, एकाकी दिसतोच असे नाही. मुंकने १८९३ मध्ये काढलेल्या ‘किंकाळी’ ह्या चित्रात तीन माणसे आहेत. ह्या चित्राचे मूळ त्याने १८९२ च्या एका टिपणात सांगून ठेवले आहे: दोन मित्रांबरोबर संध्याकाळी चाललेला असताना आकाश रक्तासारखे लाल झाले, मित्र पुढे निघून गेले, तो कठड्यापाशी थबकला आणि सृष्टीतून एक अंतहीन किंकाळी जात असल्याचा त्याला भास झाला. म्हणजे किंकाळी त्या माणसाने फोडलेली नाही. ती त्याला ऐकू येत आहे. म्हणूनच त्याने दोन्ही हात कानांवर दाबून धरले आहेत.

हा अनुभव चित्रात उतरतानाही अशीच वाट पाहावी लागली. १८९२ मधील ‘निराशा’ ह्या चित्रात तोच पूल, तोच कठडा, तेच आकाश आहे. पण डोक्यावर टोपी घातलेला माणूस बाजूने दिसतो आणि खाली पाहत आहे. तो उदास आहे. त्याची आपल्याला दया येते, आणि तेवढेच. पुढच्या वर्षी मुंकने त्या माणसाला वळवले, समोर तोंड करून उभे केले, त्याची टोपी, केस, वय, लिंग सारे काढून घेतले. पुठ्ठ्यावर टेम्पेरा रंग आणि रंगखडू ह्यांनी काढलेल्या ह्या चित्रात आकाशाची वळणे त्याच्या देहातूनही वाहतात. मागच्या दोन आकृती मात्र सरळ उभ्या आहेत. त्यांच्या देहाला ती वळणे शिवलेलीसुद्धा नाहीत. एकाच पुलावर, एकाच आकाशाखाली, हाकेच्या अंतरावर असलेल्या माणसांना आपल्याला जे ऐकू येते ते ऐकू येत नाही: एकाकीपणाची ह्याहून नेमकी व्याख्या करणे अवघड आहे. ह्या चित्रावर पेन्सिलीने एक बारीक ओळ लिहिलेली आहे. असे चित्र वेड्यालाच सुचेल, असा तिचा आशय. ती ओळ कोणा प्रेक्षकाने लिहिली की काय असा वाद बराच काळ होता. हस्ताक्षर मुंकचेच आहे, असा निर्वाळा नॉर्वेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०२१ मध्ये दिला. लोकांचा टोमणा कलावंताने स्वतःच्या हाताने आपल्या चित्रावर नोंदवून ठेवला, असे ह्यावरून म्हणता येते.

व्हिएन्नाच्या एगोन शीलेने ह्या प्रश्नाचे निराळे उत्तर शोधले. त्याचे ज्येष्ठ गुरुतुल्य मित्र गुस्टाव्ह क्लिम्ट हे मानवी आकृतीभोवती सोन्याची, नक्षीची, फुलांची गर्दी करीत. शीलेने ती नक्षी पुसून टाकली. १९१० मध्ये काढलेल्या त्याच्या एका मोठ्या आत्मचित्रात विवस्त्र, हाडे वर आलेला, पिवळट देह बसलेला आहे. मात्र बसण्यासाठी खाली काहीच नाही! आसन नाही, जमीन नाही, भिंत नाही. सभोवती नुसता पांढरा रंग आहे. पावलेही काढलेली नाहीत. वीस वर्षांच्या ह्या तरुणाने आरशात स्वतःला न्याहाळून हे चित्र केले. माणसाखालचे आसन काढून घेतले म्हणजे बसणे हीदेखील एक यातना होते, हे इतक्या साध्या युक्तीने क्वचितच कोणी दाखवले असेल. शीलेला आयुष्य थोडेच मिळाले. १९१८ च्या साथीच्या तापात त्याची गर्भवती पत्नी २८ ऑक्टोबरला गेली आणि तीन दिवसांनी, अठ्ठाविसाव्या वर्षी, तोही गेला. त्याच वर्षीच्या ‘कुटुंब’ ह्या चित्रात पुरुष, स्त्री आणि मूल एकमेकांच्या कुशीत बसले आहेत, पण कोणाचीच नजर कोणाच्या नजरेला मिळत नाही.

जर्मनीत १९०५ साली ड्रेस्डेन येथे वास्तुशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांनी ‘सेतू’ नावाचा चित्रकारांचा गट स्थापन केला. एर्न्स्ट लुटव्हिख किर्खनर हा त्यांचा अग्रणी. हा गट पुढे बर्लिनला आला आणि १९१३ मध्ये मोडला. त्यानंतर किर्खनरने बर्लिनच्या रस्त्यांची जी चित्रे काढली, त्यांत गर्दीतील एकाकीपण आहे. पिसांच्या टोप्या घातलेल्या उंच स्त्रिया, त्यांच्याभोवती एकसारख्या काळ्या कोटांतील पुरुष, धारदार त्रिकोणी आकार, हिरवट मुखवट्यांसारखे चेहरे. सगळे एकमेकांना खेटून चाललेले आणि कोणी कोणाचे नसलेले. पण त्याचे सर्वांत अस्वस्थ करणारे चित्र १९१५ चे आहे. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात दाखल झाला; तथापि आघाडीवर जाण्यापूर्वीच त्याचे मन कोसळले आणि त्याला घरी पाठवण्यात आले. त्या वर्षीच्या आत्मचित्रात तो लष्करी गणवेशात आहे, तोंडात सिगारेट आहे, डोळ्यांत बुबुळे नाहीत, आणि वर धरलेला उजवा हात मनगटापासून तुटलेला आहे. प्रत्यक्षात त्याचा हात शाबूत होता. त्याच हाताने त्याने हे चित्र रंगवले. जे घडले नव्हते पण ज्याची धास्ती रोज घडत होती, ते त्याने काढले. अभिव्यक्तिवादी चित्रातील ‘खोटे’ कोणत्या जातीचे असते हे ह्या एका तुटलेल्या हाताने समजावे.

अशा चित्रांची सत्ताधाऱ्यांना भीती वाटावी, हे ओघानेच आले. सुदृढ, आज्ञाधारक, हसऱ्या माणसांची चित्रे ज्यांना हवी होती त्या नाझी राजवटीने १९३७ च्या जुलैत म्युनिक येथे ‘अधःपतित कला’ ह्या नावाचे प्रदर्शन भरवले ते लोकांनी हसावे म्हणून. १८८६ मधील हसू आपोआप आलेले होते. १९३७ मधील हसू सरकारी होते. जर्मन संग्रहालयांतून मुंकच्या ८२ आणि किर्खनरच्या ६३९ कृती काढून घेण्यात आल्या. तुटलेल्या हाताचे आत्मचित्र त्या प्रदर्शनात टांगलेले होते. ड्रेस्डेनच्या संग्रहालयातील ‘आजारी मूल’, १९०७ मधील आवृत्ती, विकून टाकण्यात आली. ती आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. किर्खनर त्या वेळी स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसजवळ राहत होता. १५ जून १९३८ रोजी त्याने गोळी झाडून स्वतःचा अंत केला.

जी चित्रे त्या वेळी काढून टाकण्यात आली, त्यांत एका भारतीयाची चित्रेही होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रवींद्रनाथ ठाकूर ह्यांनी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षाच्या सुमारास गांभीर्याने चित्रे काढण्यास प्रारंभ केला. १९३० मध्ये पॅरिसला आणि त्यानंतर जर्मनीतील शहरांत त्यांची प्रदर्शने झाली. त्यांची पाच चित्रे बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात आली होती. १९३७ मध्ये तीही ‘अधःपतित’ ठरली. त्यापूर्वी १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्याला जर्मनीतील बाउहाउस संस्थेच्या चित्रकारांच्या कृतींचे प्रदर्शन झाले होते आणि कांडिन्स्की, क्ले ह्यांची कामे तेथील रसिकांनी पाहिली होती. परंतु रवींद्रनाथांची चित्रकला प्रदर्शने पाहून जन्मली नाही. ती जन्मली खाडाखोडीतून. हस्तलिखितात खोडलेले शब्द एकमेकांना जोडता जोडता त्यांतून पक्षी, पशू, चेहरे उमटू लागले. ‘पूरबी’ ह्या काव्यसंग्रहाच्या हस्तलिखितात ते दिसतात. पुढे त्यांनी जे स्त्रीचेहरे काढले, ते लांबट, पदराने वेढलेले, गडद तपकिरी आणि काळ्या रंगातून वर आलेले असे आहेत. ओठ मिटलेले आणि डोळे मात्र उघडे. ज्याने आयुष्यभर प्रत्येक भावनेला शब्द दिला, त्याने आपल्या चित्रांना बहुधा नावही दिले नाही. शब्दांच्या सम्राटाने शब्द खोडून जो चेहरा वर काढला तो मूक असावा, ह्यात मोठा अर्थ भरलेला आहे.

नाझी राजवटीने ज्यांना देशोधडीला लावले त्यांतील काही माणसे मुंबईला आली. ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर हे ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक झाले, रुडॉल्फ फॉन लायडन कलासमीक्षा लिहू लागले, व्हिएन्नाहून आलेले एमान्युएल श्लेझिंगर हे तरुणांची चित्रे विकत घेऊ लागले. आधुनिक युरोपीय चित्रकलेची ओळख मुंबईच्या तरुण चित्रकारांना ह्यांच्या सहवासात घडली. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप ह्या नावाने जे तरुण एकत्र आले, त्यांचे प्रवर्तक फ्रान्सिस न्यूटन सूझा हे गोव्याच्या साळगावचे. जन्मानंतर अल्पावधीतच वडील गेलेले, लहानपणी देवीच्या आजारातून वाचलेले. गोव्यातील चर्चमधील काटेरी मुकुट आणि रक्ताळलेला ख्रिस्त त्यांच्या मनात कायमचे रुतून बसले होते. १९५९ च्या त्यांच्या ‘क्रूसारोहण’ ह्या चित्रात, जे टेटमध्ये आहे, करुणामूर्ती दिसत नाही. काळ्या जाड रेषांनी चिरलेला, दात विचकलेला, काट्यांचाच झालेला एक देह दिसतो. पूजेच्या प्रतिमेतील शांतता त्यांनी काढून घेतली आणि यातना तेवढी शिल्लक ठेवली.

सूझांची वेदना बोलकी आहे, किंबहुना भांडखोर आहे. ह्याच वर्तुळातील तय्यब मेहता ह्यांची वेदना अबोल आहे. आणि म्हणूनच प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती अधिक विचार करण्याजोगी आहे. त्यांचा जन्म १९२५ मध्ये गुजरातेतील कपडवंज येथला. वाढले ते मुंबईत. प्रारंभी त्यांनी चित्रपटसंकलनाचे काम केले आणि १९४७ ते १९५२ ह्या काळात सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेतले. फाळणीच्या दंगलीत महंमद अली रस्त्यावरील घराच्या खिडकीतून त्यांनी एका तरुणाला जमावाकडून ठेचून मारले जाताना पाहिले. तो प्रसंग आयुष्यभर आपला पिच्छा पुरवीत राहिला, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. ते वर होते, तो खाली होता; मध्ये एक खिडकी होती. मुंकच्या बहिणीच्या खाटेपासून ही खिडकी किती दूर आहे? काळाने सत्तर वर्षे, देशाने अर्धे जग. आणि तरीही पाहणाऱ्याची जागा तीच आहे.

तय्यब ह्यांनी ती हत्या जशी पाहिली तशी कधी रंगवली नाही. १९५०-६० च्या दशकात त्यांच्या चित्रांत एक बैल आला: पाय बांधून आडवा पाडलेला, कापण्यापूर्वीचा. एवढा बलदंड प्राणी, आणि चार दोरखंडांनी त्याचे केवळ ओझे झालेले. मग कलकत्त्याचा हातरिक्षा ओढणारा माणूस आला; त्याचे हातपाय आणि रिक्षाचे दांडे वेगळे ओळखता येत नाहीत. त्यानंतर कोसळणारी आकृती आली. १९६८ मध्ये दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक कलाप्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले. ही आकृती कोठून पडली हे दिसत नाही, कोठे आपटणार हेही दिसत नाही. ती नुसती पडत राहते. शीलेने आसन काढून घेतले होते, तय्यब ह्यांनी जमीनच काढून घेतली.

त्यांच्या ह्या काळातील चित्रांत रंगांचे जाड लेप आहेत, गढूळ छटा आहेत. १९६८ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि परतल्यावर चित्र एकाएकी बदलले. १९६९ मध्ये चित्र साधत नाही म्हणून वैतागून त्यांनी फलकावर एक तिरका काळा फटकारा ओढला आणि त्यातूनच त्यांना वाट सापडली, असे त्यांनी सांगितले आहे. त्यानंतर चित्रफलक कर्णरेषेने दुभंगला. देहाचे तुकडे रेषेच्या अलीकडे-पलीकडे गेले. रंग सपाट, स्वच्छ, निर्विकार झाले. कुंचल्याची थरथर नाही, ओघळ नाहीत, ओरखडे नाहीत. ज्यांना भावना म्हणजे जाड रंग वाटतो त्यांनी ह्या चित्रांपुढे उभे राहावे. वैऱ्याच्या भिंतीइतका तो रंग गुळगुळीत आहे. आणि त्या गुळगुळीतपणावर उघडे तोंड आणि तुटलेले हात आले की किंकाळी अधिकच ऐकू येते, कारण तिला आधार द्यायला आसपास काहीही नसते. १९७० मध्ये त्यांनी ‘कूडल’ नावाचा लघुपट केला. त्यातही वांद्र्याच्या कत्तलखान्यातील बैल आहे. पुढे काली आली, महिषासुर आला. मनासारखी न उतरलेली चित्रे ते नष्ट करून टाकीत. म्हणून एवढ्या दीर्घ आयुष्यात त्यांच्या कृतींची संख्या कमी आहे. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. खिडकीतील तो क्षण काही क्षणांचाच होता. त्याला उत्तर देण्यात साठ वर्षे गेली.

भारतीय श्रोत्याला येथे आदिकवीची कथा आठवल्याशिवाय राहणार नाही. तमसेच्या तीरावर व्याधाच्या बाणाने क्रौंच पडला, तो वाल्मीकींनी पाहिला. त्यांना तो वाचवता आला नाही; पण त्यांच्या शोकाला तत्क्षणी छंद सापडला. आपल्या काव्यशास्त्राने ह्या कथेवरून एक मोठा सिद्धांत उभारला: नुसता शोक म्हणजे करुणरस नव्हे, शोक पचून, त्यातील ‘माझे-तुझे’ गळून गेल्यानंतरच रस निष्पन्न होतो. ह्या चित्रकारांचे दुर्दैव असे की, त्यांना छंद आयता मिळाला नाही. त्यांच्या काळात आणि त्यांच्या शहरांत शोकाला सामावून घेणारी वृत्ते मोडून पडलेली होती. प्रत्येकाला आपले वृत्त स्वतः घडवावे लागले: कोणी खरवडून, कोणी खोडून, कोणी पांढरी जागा सोडून, कोणी एका तिरक्या रेषेने. त्या घडवण्याच्या खुणा ह्या चित्रांवर उघड दिसतात, म्हणून ती आपल्याला कच्ची वाटतात.

ह्या शैलीला धोके नाहीत असे नाही. वाकडे चेहरे आणि लाल आकाश ह्यांची नक्कल करणे फार सोपे आहे. अशा नकलांनी कलादालने भरून गेली आहेत. त्यांतील दुःख कोणाचे हे विचारले की उत्तर मिळत नाही. बाजारानेही ह्या चित्रांना गाठले. तय्यब ह्यांचे ‘सेलिब्रेशन’ २००२ मध्ये सुमारे दीड कोटी रुपयांना गेले, तर ‘किंकाळी’ची १८९५ मधील आवृत्ती २०१२ मध्ये जवळजवळ बारा कोटी डॉलरना विकली गेली. एकाकीपणाची एवढी किंमत येते, पण एकाकी माणसाची येत नाही, ही खंत आजच्या काळाने बाळगावी अशीच आहे.

ग्रंथालयात बसून ह्या चित्रांच्या छापील प्रतिकृती पाहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. छपाईत ओरखडे बुजतात, रंगाचे थर सपाट होतात आणि कित्येक वर्षांचे काम एका क्षणात झाल्यासारखे भासते. तेव्हा चित्र पाहिले की पान लगेच उलटू नये. आकृतीच्या कडा पाहाव्यात, हात पाहावेत, आकृतीभोवती काय नाही ते पाहावे. आणि मग एक प्रश्न विचारावा: हे पाहणारा कोठे उभा होता?

‘किंकाळी’तील ते दोन मित्र वाईट माणसे नव्हती. त्यांना काही ऐकू आले नाही, म्हणून ते चालत राहिले. आपणही बहुतेक वेळा त्यांच्यापैकीच असतो. रस्त्यावर, रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात, आपल्याच घरातील दिवाणखान्यात. परंतु चित्रकाराने पुलावरचा तो माणूस मित्रांकडे तोंड करून उभा केलेला नाही. त्याने त्याला आपल्याकडे वळवले आहे. त्याच्या समोरची जागा शंभरांहून अधिक वर्षे मोकळीच आहे, आणि चित्रासमोर जो येऊन थांबतो त्याची ती होते. थांबल्याने सोफी परत येणार नाही, महंमद अली रस्त्यावरचा तो तरुणही उठणार नाही. पण पुलावर माणसे तीन होती, त्यांची आता चार होतात. आणि हे चौथे माणूस निघून गेलेले नाही.